बघू

एम्लिन प्रॉसरच्या दारावर पाटी होती :
सर्जरी, दर शुक्रवारी, पाच ते सात.
मी मिरजेची. मला वाटलं, डॉक्टर असेल.
रांगेत खोकणारी माणसंही होतीच.

आत टेबलावर बिस्किटांचा डबा, एक टॉर्च,
आणि कोळशाच्या खाणीत वीस वर्षं
वायरी जोडून जोडून बोथट झालेली बोटं.
मी आमच्या भिंतीचं सांगितलं,
छताकडून पाणी उतरतंय,
पाळण्याला ओल आलीय.
तो जे म्हणाला त्याचं मराठी माझ्याच तोंडून निसटलं :
बघू.
त्यानं शब्द दोनदा घोळवला, पेपरमिंटसारखा,
आणि बूट चढवले.

तेव्हा बघूचा अर्थ एवढाच होता :
टॉर्च घ्यायचा, पाँटवेर्नचा चढ चढायचा,
मिसेस हॉपकिन्सकडून शिडी मागायची
आणि बघायचं.

पुढे मीच त्याची डायरी लिहू लागले.
कौन्सिलर झाला एकशे बारा मतांनी.
पत्रकं वाटताना एका टेरियरनं
माझा हातमोजा पळवला, तो अजून मिळालेला नाही.
मग कार्डिफ, खाडीकाठचं ते काचेचं सभागृह,
जिथं आईची भाषा कानाला यंत्र लावून ऐकावी लागते
याची त्याला लाज वाटली.
त्रेपन्नाव्या वर्षी वेल्श शिकला.
क्रियापदांच्या चिठ्ठ्या संडासाच्या दारावर.
बायको म्हणे, पाहुणे फार वेळ लावतात.

आरोग्यमंत्री झाला त्या दिवशी
साऱ्या गल्लीनं केक पाठवले.
गाडी आली, गाडीबरोबर इद्वाल नावाचा ड्रायव्हर,
इद्वालबरोबर छत्री.
प्रॉसर भिजायचा बंद झाला.

आता बघू जिने चढू लागला.
सचिव बघतील, समिती बघेल,
समितीचा अहवाल दुसरी समिती बघेल.
मला हे नवीन नव्हतं.
आमच्या तालुक्यात रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात
पांढऱ्या कपड्यांतली माणसं हाच शब्द
सुपारीसारखा कातरत बसलेली मी लहानपणी पाहिली होती.
पण तो त्यांचा होता.
ह्याला तो मी दिला होता.

वॉर्ड नंबर दोन बंद करायच्या कागदावर
त्याची सही होती, सुबक, दोन्ही भाषांत.
चॅपलच्या हॉलमध्ये सभा भरली.
माझा नवरा तिसऱ्या रांगेत,
रात्रपाळीहून थेट, नर्सच्या गणवेशात.
त्यानं एकच विचारलं : रात्री तीन वाजता
छातीत दुखलं तर माणसानं कुठं जायचं?
प्रॉसरनं पुनर्रचना म्हटलं, टप्पे म्हटलं,
पाण्याचा घोट घेतला.
मग माझ्याकडे पाहून, अगदी हळू,
बघू.
हॉलमध्ये तो दोघांनाच कळला.
मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत राहिले.
तो शब्द त्यात नाही.

हरला, तेव्हा एकशे बाराच्या आठपट मतांनी.
सोमवारी गाडी आली नाही.
मीही गेले नाही.

काल संध्याकाळी दार वाजलं.
म्हातारा, कोट एका बाजूनं भिजलेला.
मिसेस हॉपकिन्सच्या छताचं कळलं, म्हणाला,
तिची शिडी तुमच्याकडे आहे का?
होती. तीस वर्षांत परत द्यायची राहिली होती.
नवरा उठला, काही न बोलता दुसरं टोक धरलं.

वर चढू द्यायचं त्याचं वय नव्हतं.
खाली उभा राहून टॉर्च मारत होता,
पन्हाळ फुटलेली, स्लेटी तीन सरकलेल्या.
फोन करण्यासारखं कार्डिफमध्ये आता कुणी नव्हतं.
दुरुस्त काही होणार नव्हतं.
प्रकाश त्या भेगेवरून हलला नाही,
मी आत जाऊन चहा ठेवला, उकळला, ओतला,
तरी.